शेठचं बरं चाललंय

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी शुकशुकाट असतो. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी एखाद्या गाळ्याचं शटर अर्धवट वर दिसलं, तर खुशाल समजावं की आत शेठ आहेत. कामगार सुट्टीवर, लाइट बहुधा दुरुस्तीसाठी गेलेली, आणि शेठ मोबाइलच्या उजेडात जुनी चलनं लावत बसलेले.

शेठ म्हणजे पेढीवर लोडाला टेकून बसणारे नव्हेत. हे साताऱ्याकडचे, डिप्लोमा मेकॅनिकल. पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत टूलरूमला होते. रजेच्या अर्जावरून साहेबाशी वाजलं आणि ‘कुणाची ताबेदारी नको’ म्हणत यांनी दोन जुन्या लेथ विकत घेऊन गाळा टाकला. आज दोन सीएनसी आहेत, एक व्हीएमसी आहे, दहा-बारा माणसं आहेत. रजा नामंजूर करणारा कुणी उरला नाही हे खरं. रजाही उरली नाही.

‘धंदा कसा काय?’ या प्रश्नाला शेठकडे माणूस बघून उत्तर असतं. बँकेचा मॅनेजर आला की, “ऑर्डरी फुल्ल आहेत साहेब, लिमिट वाढवून द्या, तिसरं सीएनसी टाकतो.” तो जिना उतरायच्या आत बोनसचं विचारायला सेटर आला की, “यंदा मार्केट फार डाउन आहे रे बाबा.” मेहुणा सरकारी नोकरीत, त्याला पुढच्या महागाई भत्त्याचा टक्कासुद्धा आधीच कळलेला असतो, त्याच्यापुढे धंदा कायम ‘जोरात’. गावाहून आईचा फोन आला की नुसतं “जेवलो,” कारण तिनं तेवढंच विचारलेलं असतं. वहिनींना उत्तर लागतच नाही. शेठ दुसरी भाकरी नको म्हणाले, की पगाराची तारीख जवळ आली हे त्या ओळखतात.

खरे शेठ बघायचे तर पेमेंटच्या फोनवर. मी एकदा समोर बसलो होतो. शेठनी पार्टीच्या अकाउंट्सला फोन लावला. आवाज असा मऊ, की सुनेची चौकशी करतायत. पलीकडून उत्तर आलं : बिल अजून सिस्टिमला चढलेलं नाही. मग कळलं, चढलंय, पण साहेब टूरवर आहेत, सही राहिलीय. शेवटी, पुढच्या आठवड्यात नक्की. शेठ “बरं बरं, काही घाई नाही,” म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी एक सातारी शिवी हासडली. तेवढ्यात फोन वाजला. बार पुरवणारा स्टीलवाला. शेठ घसा साफ करून म्हणाले, “अहो, तुमचं बिल एंट्रीलाच राहिलं होतं. आता झालंय, पण आमच्या सीएची... नाही, टूरवर आहेत ते. पुढच्या आठवड्यात नक्की.” माझ्याकडे बघून त्यांनी डोळासुद्धा मिचकावला नाही. मला वाटतं, आपण तेच बोलतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

कायदा शेठच्या बाजूनं आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. शेठना हे तोंडपाठ आहे. मी म्हटलं, मग करा की तक्रार. “वेडे आहात का? व्याज एकदाच मिळेल, पार्टी कायमची जाईल.” 2024 मध्ये आयकराचं नवं कलम लागू झालं : लहान उद्योगाचं बिल मुदतीत भागवलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत ते खर्चात धरता येणार नाही. शेठनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. मग एका पार्टीच्या परचेसवाल्याचा फोन आला, “शेठ, ते तुमचं लहान उद्योगाचं उद्यम सर्टिफिकेट आमच्या फायलीत नसतं तर बरं झालं असतं.” शेठ म्हणाले, “कसलं सर्टिफिकेट?”

जीएसटीचं त्यांचं दुखणं वेगळंच. या महिन्यात बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला कर भरायचा; पार्टीचे पैसे येणार तीन महिन्यांनी. मधली रक्कम कॅश क्रेडिटमधून उचलायची आणि बँकेला व्याज द्यायचं. “माल मी उधार द्यायचा, वर पार्टीचा करही मीच भरायचा,” असं ते म्हणतात. तक्रारीचा सूर लावायचा असतो, पण आवाजात थोडा गर्वही उतरतो. इतकी मोठी कंपनी आपल्या पैशांवर चालते म्हटल्यावर उतरणारच.

दसऱ्याला मशीनची पूजा असते. झेंडूची माळ, नारळ, पेढे. सीएनसीच्या दाराशेजारी बँकेच्या तारणाची पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. शेठ कंट्रोल पॅनलला हळदकुंकू लावतात आणि न विसरता त्या पट्टीलाही एक बोट लावतात. “खरा मालक तो,” एवढंच म्हणतात.

शेठ खचलेले मी एकदाच पाहिले, आणि ते पैशापायी नव्हे. हाताखाली शिकवून तयार केलेला सेटर सोडून गेला. बोअर गेज धरायलासुद्धा शेठनीच शिकवलेलं. आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. मशीनवर स्वतः उभे राहून जॉब काढत होते. पोरगा मागच्याच गल्लीत जुनी लेथ घेऊन बसला होता. मग तो सत्यनारायणाचं बोलावणं घेऊन आला. शेठ “बघू” म्हणाले, आणि गेले. पाचशे एकचं पाकीट दिलं, तीर्थप्रसाद घेतला, चपला काढून लेथच्या बेडवरून हात फिरवला, चक ढिला आहे म्हणाले. मग त्याला बाजूला घेऊन अर्धा तास समजावलं : उधारी करायची नाही, एकाच पार्टीवर बसायचं नाही, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मटेरियल कापायचं नाही.

पोरगा मान डोलवत होता. निघताना म्हणाला, “शेठ, पहिली ऑर्डर आलीय. दोन बार मिळतील का तुमच्याकडचे?”

“ने की. पैसे?”

“पुढच्या आठवड्यात नक्की.”