सगळं ओके आहे

प्रामाणिकपणाचाही जाच होतो. माझ्या लॅपटॉपवर १९८२ सालचा एक ब्रिटिश कॉम्प्युटर मुक्कामाला आहे: सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, मेमरी ४८ के. म्हणजे तो स्वतः नव्हे, त्याची हुबेहूब नक्कल करणारा इम्युलेटर. नक्कल करणाऱ्यांनी कसली म्हणून कसर सोडलेली नाही. मूळ मशीनला डिस्क नव्हती, लिहिलेलं टिकवायचं तर कॅसेटवर; म्हणून यालाही कॅसेटच लागते. लॅपटॉपमध्ये ढीगभर जागा रिकामी पडली आहे, पण या पाहुण्याला तिचा पत्ताच नाही. त्याला टेपरेकॉर्डर हवा. आणि टेपरेकॉर्डर नसला तर तो तक्रारही करत नाही. खरी गोम तिथेच आहे.

मी त्यावर बेसिकमध्ये बायकोच्या भिशीचा प्रोग्रॅम लिहिला. १२ बायका, दरमहा नंबर काढायचा, चिठ्ठ्या मुरगाळायची कटकट नाही. हेच काम एक्सेलमध्ये चुटकीसरशी होतं हे मला ठाऊक आहे. घरातल्या प्रत्येकाने ते मला वेगवेगळं गाठून सांगितलेलं आहे.

या मशीनवर हुकूम टाइप करायचे नसतात. एस दाबला की अख्खा 'सेव्ह' पडद्यावर उमटतो. 'लोड'साठी मात्र जे, कारण एलची जागा 'लेट'ने आधीच बळकावलेली. अवतरणचिन्ह हवं तर सिंबल शिफ्ट धरून पी. सिंबल शिफ्ट नावाचं बटण लॅपटॉपवर शोधूनही सापडत नाही. तिथे कंट्रोल, आल्ट असं एकेक चाचपत जायचं. फाईलच्या नावाला १० अक्षरांची मुभा. अकरावं घातलंत की मशीन लगेच हरकत घेतं. नावाच्या बाबतीत इतकं काटेकोर!

एवढं झालं की सूचना येते: टेप सुरू करा आणि कुठलंही बटण दाबा. दाबलं. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे धावू लागतात, पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी वाजते, मग एक छोटी खरखर. ते १७ बाइटचं हेडर: नाव, लांबी वगैरे. क्षणभर शांतता. पुन्हा शिट्टी, आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्यांसह खरा मजकूर किंचाळत बाहेर पडतो. शून्य असेल तर आखूड लहर, एक असेल तर तिच्या दुप्पट लांब. सेकंदाला साधारण १५०० बिट. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर हा आक्रोश चार-पाच मिनिटं चालतो. आमच्याकडे तो पहिल्यांदा झाला तेव्हा बायको मिक्सर बघायला स्वयंपाकघरात धावली होती.

शेवटी पडद्याच्या तळाशी गंभीरपणे उमटतं: '० ओके, ०:१'.

या ओकेचा अर्थ एवढाच, की माझं ओरडून झालं. कोणी ऐकलं का, हे मशीनला कळायला मार्गच नाही. मागच्या माइकच्या भोकातून आवाज बाहेर सोडायचा, इथे त्याची जबाबदारी संपली. वायरच्या दुसऱ्या टोकाला रेकॉर्डर आहे की नाही, त्याचं रेकॉर्डचं बटण दाबलंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपण फोन ठेवला तरी पलीकडे बोलतच राहणारे आजोबा असतात, तसा हा कारभार.

इम्युलेटरने हा स्वभावही जसाच्या तसा उचलला आहे. वर स्वतःची एक भर घातली आहे. माझ्या इम्युलेटरमध्ये 'सेव्ह' केलेला मजकूर एका काल्पनिक कॅसेटवर जातो. ही कॅसेट असते मेमरीत. ती फाईलमध्ये उतरवायची तर मेन्यूत जाऊन टेप वेगळी सेव्ह करावी लागते. म्हणजे आधी सेव्ह करायचं, मग सेव्ह केलेलं सेव्ह करायचं. न करता विंडो बंद केली, की ओकेसकट सगळं गडप.

खऱ्या कॅसेटवाल्यांचं बरं होतं. त्यांच्याकडे खापर फोडायला सामग्री होती. 'आर टेप लोडिंग एरर' आली की आवाज थोडा वाढवायचा, ट्रेबल चढवायचा, हेड स्पिरिटने पुसायचं, बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने हेडचा कोन जुळवायचा. सेव्ह करताना इअरची पिन उपटून ठेवायची, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ असा आवाज शिरायचा. माझ्याकडे ना पिन, ना हेड, ना स्क्रू. दोष कुणाला द्यायचा?

भाचा शेजारी बसून हे बघत होता. म्हणाला, "मामा, यात ऑटोसेव्ह कुठंय?"

उत्तराऐवजी मी त्याला बेलग्रेडची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकात तिथल्या रेडिओवर झोरान मोदली नावाचे निवेदक 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम चक्क वाजवायचे. हीच किंचाळी, पण आकाशवाणीवरून. लोक घरोघरी रेडिओला कॅसेट लावून ती टेप करायचे आणि मशीनला ऐकवायचे.

"म्हणजे वायफायच की," भाचा म्हणाला आणि मोबाइलमध्ये परत गेला. वादाला जागा नव्हती.

भिशीच्या दिवशी मंडळी जमली. प्रोग्रॅम एका दमात लोड झाला, मी चालवला, नंबर निघाला १. यादीत पहिलं नाव बायकोचं, कारण भिशी तिनेच सुरू केलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बशी खाली ठेवली. "बंद करून परत चालू करा बघू."

केलं. लोड, रन. १.

खोलीतलं वातावरण बदललं. झालं होतं असं, की स्पेक्ट्रमचा चिठ्ठीसारखे आकडे काढणारा 'रँड' ताज्या सुरुवातीला नेहमी एकाच बीजापासून निघतो. पहिला आकडा कायम ०.००११ च्या आसपास. त्याला १२ ने गुणा, अपूर्णांक टाका, एक मिळवा, उत्तर १. ब्रह्मदेव आला तरी १. उपाय सोपा: सुरुवातीला एक 'रँडमाइझ' घालायचा, मग मशीन सुरू होऊन किती वेळ झाला त्यावरून बीज ठरतं. हे सगळं मी काकूंना नीट समजावून सांगितलं, त्यामुळे संशय पक्का झाला.

ओळ घातली. सेव्ह केलं. किंचाळी झाली, ओके आलं, मेन्यूत जाऊन टेपही न चुकता उतरवली. काकूंच्या आग्रहाखातर सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. लोड, रन.

१.

कॅसेटवर नवी प्रत जुनीच्या जागी बसत नाही, तिच्या मागे जाऊन उभी राहते. आणि नाव न घेता नुसतं लोड म्हटलं की मशीन पहिली भेटेल ती उचलतं. मी टेप पुढे सरकवायला मेन्यू उघडणार, तोच बायकोने माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

"अहो, राहू दे ना आता," ती म्हणाली. "ओके म्हणतंय ना ते?"