त्रिपुरासुर आणि व्हिडिओ कॅसेट

अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती त्रिपुरासुराच्या कथेशी जोडलेला असून, सोने, चांदी व लोखंड यांची तीन पुरे एका रेषेत येताच एकाच बाणाने भेदण्याआधी शंकराने येथे गणेशाची आराधना केली, अशी आख्यायिका आहे. विसाव्या शतकातील अभियंत्यांनी एनटीएससी, पाल व सेकाम ही रंगीत दूरचित्रवाणीची तीन पुरे उभारली, तेव्हा मात्र अशी आराधना कोणी केलेली दिसत नाही. कारण ती एका रेषेत कधीच आली नाहीत.

भांडण रेषांचेच होते. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत चित्र ५२५ रेषांचे व सेकंदाला सुमारे ३० चौकटींचे, तर भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषांचे व २५ चौकटींचे असते. फ्रान्सच्या सेकामच्याही रेषा ६२५च, परंतु रंग नोंदवण्याची रीत वेगळी असल्याने केवळ पाल जाणणाऱ्या यंत्रावर नवरीचा शालू कृष्णधवल होतो.

कॅसेटींचा कलह याहून निराळा होता. सोनीची बीटामॅक्स (१९७५) आणि जेव्हीसीची व्हीएचएस (१९७६) यांतील फीत अर्धा इंच रुंद, म्हणजे दोघी सगोत्र, आणि कदाचित म्हणूनच त्यांची सोयरीक कधी जुळली नाही. बीटामॅक्सवर आरंभी एकच तास मावे, व्हीएचएसवर दोन. मध्यंतरालाच कॅसेट संपणे तीन तासांचा चित्रपट पाहणाऱ्या समाजाला परवडणारे नव्हते.

तरीही बीटामॅक्सची कॅसेट प्रामाणिक म्हटली पाहिजे, कारण ती व्हीएचएसच्या यंत्रात शिरतच नाही. खरा घात करते ती अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेली बारशाची व्हीएचएस कॅसेट: ती सुरेख बसते, फिरते आणि शेजारीपाजारी जमल्यावर पडद्यावर बाळाऐवजी पट्टे दाखवते. यावर मल्टिसिस्टीम व्हीसीआर हा बाण निघाला खरा. परंतु अशी अनेक यंत्रे एनटीएससी कॅसेटचा संदेश जवळपास जसाच्या तसा पुढे पाठवीत असल्याने टीव्हीलाही ती पद्धत समजणे भाग होते, म्हणजे एका बाणासाठी नवे धनुष्यही घ्यावे लागे.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना २००४ मध्ये उभा राहिला, तोवर डीव्हीडीने फितीला बाजूला सारले होते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादनही थांबवले. ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील, त्यांनी त्यांवर बुरशी चढण्याआधी त्या डिजिटल करून घ्याव्यात, आणि त्या कोणत्या पद्धतीच्या आहेत हे दुकानदाराला आधीच सांगावे.