रास्त म्हणजे किती?

थोरला भाऊ नेवाशाकडे कांदा पिकवतो आणि मी अहिल्यानगरला (जुन्या सवयीने नगरला) बसून कांदा विकत घेतो. त्यामुळे कांदा चढला की आमच्या कुटुंबात एकाच वेळी पेढे वाटले जातात आणि कपाळाला हातही लावला जातो. दादा फोनवर म्हणतो, "यंदा रास्त भाव गावला बरं का." तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "लूट चाललीय नुसती!"

'रास्त' हा मूळचा फारसी शब्द. अर्थ सरळ, नीट. आपल्याकडे येऊन मात्र तो दोन्हीकडे झुकायला शिकला. रेशनच्या पाटीवर 'रास्त भाव दुकान' असतं, तिथे रास्त म्हणजे स्वस्त. उसाला 2009 पासून एफआरपी, म्हणजे 'रास्त आणि किफायतशीर दर' आहे. तिथे रास्त म्हणजे याच्या खाली यायचं नाही!

थोरामोठ्यांनीही या शब्दापायी डोकं शिणवलंय. कौटिल्याने हिशेबच मांडून दिला: देशी मालावर नफा शेकडा पाच, परदेशीवर दहा. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती पंडिताने एक पेच सोडवला. धान्य महागलेल्या मुलखात एक व्यापारी धान्य घेऊन पोचला. मागून आणखी माल येतोय, हे त्याला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला सांगावं का? अक्विनास म्हणतो, न सांगणं अन्याय नव्हे. पण सांगितलं तर सज्जनपणा अधिक. घोडेगावच्या कांदा मार्केटात हा पेच पडत नाही. मागची वाहनांची रांग व्यापाऱ्याला दादाच्या आधीच दिसलेली असते.

एकदा दादाबरोबर लिलावाला गेलो होतो. व्यापाऱ्याने वक्कलातले दोन कांदे उचलले, दाबले, बोली झाली. चार महिन्यांच्या पिकाला अर्धं मिनिट! पट्टीतून हमाली, तोलाई वजा. नगर येईपर्यंत दादा तावातावाने बोलत होता, "आमच्या मालाचा भाव दुसऱ्यानंच का ठरवायचा?" याच सवालावर 1 जून 2017 ला पुणतांब्याचे शेतकरी संपावर गेले होते, दूध-भाजी अडली होती. मी मान डोलावत होतो.

गाडी भाजीबाजारापाशी थांबली. दादा उतरला, कोथिंबिरीची जुडी उचलली, दाबून पाहिली आणि म्हणाला, "पंधराला दोन दे गं मावशी."

मला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आठवले. 1950 साली प्रवरेकाठी त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस घालणारा तोच, ऊस घेणाऱ्या कारखान्याचा मालकही तोच. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच माणूस बसवला, की भाव आपोआप सरळ होईल, असा तो हिशेब. आता सहकारातही दरावरून आवाज चढायचे ते चढतातच. कारण माणूस दोन्ही पारड्यांत बसला तरी एका वेळी एकाच पारड्यातून बोलतो. आमचा दादा तेच करत होता.

मावशीने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपलेला लाल कांद्याची सालं चिकटली होती. "मार्केटातनं आलात जणू. काय भाव गेला?"

दादा काही बोलला नाही. दोन जुड्यांचे वीस रुपये झाले होते. त्याने वीसच दिले.