टायरनिवड : वसई-विरार उपप्रदेशापुरती

मोटारीच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात : रस्त्याचा (एचटी), सर्व प्रकारच्या जमिनीचा (एटी) आणि चिखलाचा (एमटी). रस्ता कुठे संपतो आणि रान कुठे सुरू होते हे चालकाला ओळखता येते, असे या वर्गीकरणात गृहीत धरलेले आहे. वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत ते गृहीतक लागू पडत नाही.

थंड देशांत हिवाळी टायर हा चौथा प्रकार आढळतो. पारा 7 अंशांखाली गेला तरी त्याचे रबर मऊ राहते. वसईत पारा तिथवर उतरत नाही. येथे हिवाळ्यात कपाटातून स्वेटर निघतात आणि रस्ते खोदायला निघतात. टायरचा संबंध दुसऱ्या घटनेशी येतो.

एमटी टायरवर मोठे ठोकळे व रुंद खाचा असतात. चाक फिरताना खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो व बसथांब्यावरील करदात्याच्या शर्टावर स्थिरावतो. मात्र ओल्या डांबरावर या टायरची पकड कमी, आवाज मोठा, पेट्रोलचा खर्चही जास्त. डांबर, पेव्हर ब्लॉक, खडी आणि राबिट एकाच गल्लीत भेटत असल्याने एटी हा मध्यममार्ग ठरतो. इतरत्र तो जंगलात भटकणारे शौकीन घेतात. येथे सोसायटीपासून स्टेशनापर्यंत जाणारे नोकरदार.

एचटी टायर महामार्गासाठी असतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर 2024 मध्ये काँक्रीटचा थर चढवण्याचे काम चालू असताना त्याची कसोटी लागली नाही. कोंडीत उभ्या असलेल्या गाडीला कोणताही टायर चालतो.

टायरची नक्षी रस्त्यावरचे पातळ पाणी बाजूला सारते. गुडघाभर पाण्यात ती निरुपयोगी, कारण तेथे प्रश्न इंजिनात पाणी शिरण्याचा असतो. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आले आणि लोकल थांबल्या. लोखंडी चाकांनाही नालेसफाईला पर्याय होता आले नाही.

खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटून टायरच्या बाजूला फुगा येतो. पंक्चरवाला टबातल्या पाण्यात बुडबुडे शोधून छिद्र बुजवतो. फुग्याला मात्र पॅच लागत नाही, टायरच बदलावा लागतो. हवा कमी ठेवली तर रिमही वाकते. म्हणून दाब दारावरील तक्त्यानुसार, टायर थंड असताना तपासावा.

मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. खाचांतल्या उंचवट्यापर्यंत ती झिजली की टायर गोटा झाला समजावे. तो वापरल्यास दंड होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खड्ड्याची कमाल खोली दिलेली नाही.