प्रशासक कुठे बसतात?

हिंगणघाटात सध्या एका इसमाचा शोध चालू आहे. नाव ठाऊक नाही, फोन नंबर नाही, कार्यालयाचा पत्ता नाही. हुद्दा तेवढा कळला आहे, प्रशासक. घरच्या वायफायवर एखादी वेबसाइट उघडायला जावं, तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी उमटतात: सरकारी आदेशानुसार ही साइट बंद आहे, अधिक माहितीसाठी प्रशासकांशी संपर्क साधा. खाली सही नाही, जावक क्रमांक नाही, तारीख नाही.

महाराष्ट्राला प्रशासक नवे नाहीत. निवडणुका लांबल्यामुळे राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा वर्षानुवर्षं त्यांच्याच हाती होत्या. पण त्यांची निदान खुर्ची दिसायची, दाराबाहेर शिपाई असायचा. या प्रशासकांना शिपाईही नाही.

शोधाची सुरुवात रीतीप्रमाणे केबलवाल्यापासून होते. "भाऊ, ते वरूनच बंद हाये. राउटर एकदा बंद करून चालू करून पाहा ना," असं तो सांगतो. वरून बंद झालेली गोष्ट खालचं बटण दाबून कशी चालू होणार, हे विचारेपर्यंत तो दुसऱ्या गल्लीतल्या खांबावर चढलेला असतो. मग कस्टमर केअर. तिथल्या ताई हिंदीत शिकायत नोंदवून घेतात आणि संध्याकाळी मोबाइलवर संदेश येतो की तक्रारीचं निराकरण झालं. साइट बंदच. शेवटी घरातला अकरावीचा भाचा टीव्हीमागे हात घालून राउटर उलटा करतो, स्टिकरवरची धूळ पुसतो, टॉर्च मारतो आणि ओरडतो, "मामा, सापडला!" स्टिकरवर छापलेलं असतं: पत्ता १९२.१६८.१.१, युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन, जो बसवल्या दिवसापासून बदलायला कोणाला फुरसत झाली नाही. ज्याच्यासाठी गाव पालथं घातलं तो प्रशासक घरातच, हिरवा दिवा मिचकावत बसलेला! मामा त्याच्याकडे अधिक माहिती मागतात. तो डीएनएसच्या दोन रिकाम्या चौकटी दाखवतो.

इंटरनेटची यंत्रं आकड्यांच्या पत्त्यावर चालतात. नाव सांगितलं की पत्ता देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ सालची. घरात नेट घेतलं की हा पत्ता कंपनीचाच सर्व्हर सांगतो. साइट बंद करायची स्वस्तातली युक्ती अशी, की त्या सर्व्हरने खोटा पत्ता द्यायचा किंवा अशा नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणून हात झटकायचे. भाचा काळ्या खिडकीत एनएसलूकअप ही आज्ञा देऊन तेच नाव आधी कंपनीला विचारतो, मग १.१.१.१ या बाहेरच्या सर्व्हरला. एक नाही म्हणाला आणि दुसऱ्याने पत्ता दिला, की पाणी कुठे मुरतंय ते कळतं. रिकाम्या चौकटीत १.१.१.१ नाहीतर ८.८.८.८ भरलं, की पुष्कळदा काम होतं. पुष्कळदा, नेहमी नाही. काही कंपन्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून जाणारा प्रश्न वाटेतच अडवून स्वतःच उत्तर देतात. त्यावर अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनांत प्रायव्हेट डीएनएसची सोय आहे. काही तर जोडणीच्या पहिल्याच निरोपात उघडपणे जाणारं साइटचं नाव वाचून दार लावतात. तिथे डीएनएस कितीही बदला, प्रशासक प्रसन्न होत नाहीत. आणि एवढं सगळं झाल्यावर वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला, तर कधी कधी तीच साइट धडधडीत उघडते. देश एक, कायदा एक, बंदी मात्र वायफायपुरती.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकारला साइट बंद करता येते. २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सांगतो की तक्रारही गोपनीय, कारवाईही गोपनीय. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं, ते कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं, असं सांगून. आता आव्हान द्यायला आदेश हातात लागतो, आणि आदेश गोपनीय! २०१४ च्या अखेरीस ३२ साइट बंद झाल्या, त्यांत प्रोग्रामर मंडळींचं गिटहबही होतं. २०२२ मध्ये व्हीएलसीची, म्हणजे घरोघरी लग्नाचे व्हिडिओ दाखवणाऱ्या फुकट प्लेअरची साइट उघडेनाशी झाली. माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. प्लेअर बनवणाऱ्यांनी ऑक्टोबरात आदेशाची प्रत मागणारी कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. ती घातली कशासाठी होती? प्रशासकांशी संपर्क साधा.

याच हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला, की सरकारी खरेदीतून गाडी परत जाते. शेतकरी चिडतो, भांडतो, पण यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर असतं आणि आकडा त्याला वाचता येतो. कापसाची गाडी परत पाठवणाऱ्याला जे जमतं, ते अख्खी साइट परत पाठवणाऱ्यांना का जमू नये?

त्या पांढऱ्या पानावर जागा भरपूर आहे. आदेश कोणी काढला, कोणत्या कलमाखाली, क्रमांक काय, तारीख कोणती आणि दाद कुठे मागायची, एवढं तिथे मराठीत छापावं. फोन नंबर दिलाच, तर तो लागणारा असावा.