मान्य आहे, लागू नाही

माको नावाच्या शार्कला एक वाईट खोड आहे. तो एका जागी राहत नाही. आज अमेरिकेच्या किनाऱ्यालगत, काही महिन्यांनी भर अटलांटिकात. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा मासा त्या त्या देशाचा, त्यापलीकडचा सगळ्यांचा. आणि जे सगळ्यांचं असतं त्याची काळजी घ्यायला समिती नेमावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अटलांटिकची समिती माद्रिदला बसते. १९६६ साली रिओत झालेल्या करारातून ती जन्मली. नाव ट्यूना संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय आयोग, आद्याक्षरांनी ‘इकॅट’. नावात ट्यूना असला तरी शार्कचा हिशेबही तिथेच होतो. कारण माको मारायला म्हणून कुणी जातच नाही हो. बोटी निघतात तलवारमाशासाठी. मैलोनमैल दोर सोडायचा, त्याला शेकड्यांनी गळ टांगायचे आणि वाट पाहायची. माको त्या गळाला लागतो हा त्याचा आगाऊपणा. उत्तर अटलांटिकात तो वर्षाला तीन हजार टनांच्या आसपास चुकून सापडत होता. चुकून सापडलेल्या मांसाला बाजारात चांगला भाव, परांना त्याहून चांगला. इतक्या शिस्तीत, दर साल, वजनकाट्यावर नोंदवून केलेली चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहायला मिळत नाही.

२०१७ मध्ये आयोगाच्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे परवडणारं नाही. माकोची मादी वयात यायला अठरा-वीस वर्षं घेते आणि मग पिल्लं दीडेक वर्ष पोटात बाळगते. तेव्हा पकड शून्यावर आणा. आयोगाने मराकेशला बैठक भरवून शास्त्रज्ञांचे आभार मानले आणि शून्याच्या आसपास जाईल असं वाटणारा, सवलतींनी भरलेला एक नियम केला. २०१९ मध्ये शास्त्रज्ञ पुन्हा आले. आता म्हणाले, आजपासून एकही माको मारला नाहीत तरी २०४५ पर्यंत साठा सावरण्याची शक्यता ५३ टक्के. छापा-काट्यापेक्षा तीन टक्के बरी.

त्या सालची गंमत मात्र सविस्तर सांगायला हवी. ऑगस्टमध्ये जिनिव्हात वन्यजीव व्यापाराची परिषद भरली. माकोच्या व्यापारावर बंधनं घालण्याचा प्रस्ताव तिथे मंजूर झाला आणि प्रस्ताव मांडणाऱ्यांत युरोपीय संघ होता. टाळ्या पडल्या. नोव्हेंबरमध्ये स्पेनच्याच पाल्मात इकॅटची बैठक. सेनेगल, कॅनडा वगैरे म्हणाले, माको बोटीवर ठेवायचाच नाही, जिवंत असो वा मेलेला. तेव्हा तोच युरोपीय संघ आणि त्याच्या जोडीला अमेरिका म्हणाली, मेलेला तरी ठेवू द्या. तीन महिन्यांत मासा तोच होता, संघही तोच होता. फक्त जिनिव्हात पर्यावरणवाले बसले होते आणि पाल्मात मासेवाले. निर्णय पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षी कोविड आला, बैठकच भरली नाही, कारभार पत्रांवर चालला. अखेर २०२१ मध्ये बंदी झाली. ती २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षांपुरती. त्या मुदतीत जन्मलेली मादी वयात येईल साधारण २०४० मध्ये.

परांची कथा याहून सुरस आहे. पर छाटून धड समुद्रात फेकू नये म्हणून २००४ मध्ये नियम झाला की बोटीवरच्या परांचं वजन शार्कच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे बंदरावरचा तपासनीस काय करणार? एकीकडे गोठलेल्या परांची पोती. दुसरीकडे डोकी उडवलेली, दगडासारखी टणक धडं. कुठला पर कुठल्या धडाचा आणि कुठल्या जातीचा, देव जाणे. तो बिचारा भागाकार करतो आणि उत्तर पाच टक्क्यांच्या आत आलं की शिक्का मारतो. पर धडाला तसेच राहू द्या, बंदरात आल्यावर कापा, असा सोपा उपाय आयोगापुढे वर्षानुवर्षे येत राहिला आणि एकमत होत नाही म्हणून वर्षानुवर्षे बारगळत राहिला. आपल्याकडे केंद्राने २०१३ मध्येच हे धोरण केलं. ससून डॉकवर अख्खी मुशी समोर ठेवून ‘कापून देऊ का’ विचारणाऱ्या कोळिणीला यात एवढा खल कशाचा, ते समजणार नाही.

पण आपण फार ताठ होऊ नये. हिंदी महासागराचा आयोग सेशेल्सच्या व्हिक्टोरियात आहे आणि आपण त्याचे सभासद आहोत. तिथल्या घटनेत एक रत्न दडलं आहे. ठराव मंजूर झाल्यावर १२० दिवसांत आक्षेप नोंदवला की तो ठराव त्या देशाला लागू होत नाही. पिवळ्या पराच्या कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, पकड बेसुमार झाल्याचं २०१५ मध्ये ठरलं. २०२१ मध्ये ती आवरण्याचा ठराव झाला आणि आक्षेप नोंदवणाऱ्यांत भारत होता. आपलं म्हणणं असं की साठा खाल्ला तो स्पेन-फ्रान्सच्या महाकाय जाळ्यांनी आणि उपास आमच्या छोट्या बोटींनी का करायचा? हे म्हणणं खोटं नाही. कुपा वाचवण्याच्या कामी मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्या मोठ्या बोटींनाही ही सोय ठाऊक आहेच. त्या समुद्रात तराफे सोडतात. सावलीला मासे जमतात, उपग्रह ठिकाण सांगतो, बोट जाऊन सगळं उचलते. तराफ्याखाली लोंबणाऱ्या जुन्या जाळ्यांत अडकून एकट्या हिंदी महासागरात वर्षाला ४ लाख ८० हजार ते ९ लाख ६० हजार रेशमी शार्क मरत असावेत, असा अंदाज २०१३ च्या एका अभ्यासाने मांडला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोम्बासात बहुमताने ठरलं की हे तराफे वर्षातले ७२ दिवस बंद. मग युरोपीय संघासह एकेकाचे आक्षेप येऊ लागले. ते एक तृतीयांशाच्या वर गेल्यावर ठराव सगळ्यांसाठीच बाद झाला. लोकशाहीत बहुमताने हरणं ऐकलं होतं, बहुमताने जिंकून हरण्याचा हा प्रकार नवा.

जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्राच्या जैवविविधतेचा नवा करार अमलात आला आहे. त्यातही जुन्या आयोगांच्या अधिकाराला धक्का लागू नये, याची काळजी घेतलेली आहे.

हे सगळं हर्णैच्या एका तांडेलाला सांगत होतो. १ जून ते ३१ जुलै त्याची बोट किनाऱ्यावर शाकारलेली असते. बंदीत बाहेर पडला तर दंड. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “साहेब, त्या आक्षेपाचा छापील अर्ज मिळतो, की साध्या कागदावर लिहून दिला तरी चालतो?”