नानांचं बाष्पीभवन

अलिबागकडे बंगला असलेला एक गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. 'अहो, या की एकदा' असं तो वर्षभर म्हणत राहतो. शेवटी आपण जातो, आणि चहा व्हायच्या आत तो आपल्याला बंगल्यात काय काय बिघडलंय ते हिंडून दाखवतो. कुणाचं छप्पर, कुणाची बोअर, कुणाचा शेजारी. आमच्या नानांचा स्विमिंग टँक गळतो. 'गळतो' हे मी म्हणतोय, नाना नाही. त्या टँकमधून आजवर थेंबभरही पाणी गळलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. जे गेलं ते बाष्पीभवनाने गेलं.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. वाडी नानींच्या माहेरची आहे हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर पाटबंधारे खातं आणि स्विमिंग टँक ही जोडी वाचून तुम्ही भलतंच काहीतरी धराल. मुलांना मे महिन्यात वाडीत करमावं म्हणून नानांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून आठ मीटर बाय चार मीटरचा टँक बांधला. मुलांना करमलं. मग मुलं मोठी झाली, एक टोरंटोला आणि एक बंगळुरूला गेली, आणि टँक नानांच्या वाट्याला आला.

बाष्पीभवनाचं खूळ मात्र नोकरीतलं. धरणावर एक पसरट पात्र ठेवलेलं असतं, साधारण चार फूट व्यासाचं, वर जाळी, म्हणजे पक्ष्यांनी पाणी पिऊन हिशेब बिघडवू नये. रोज सकाळी त्यातलं पाणी किती उतरलं ते मोजून वहीत लिहायचं. त्यावरून जलाशयातलं किती पाणी उडालं याचा अंदाज बांधतात. जायकवाडीसारख्या उथळ, ऐसपैस जलाशयात तो आकडा खरोखरच छाती दडपवणारा असतो. पण कालव्याला कुठे भगदाड पडलंय, रात्री कुणाच्या मोटारी पाण्यात उतरतात, या गोष्टींना वहीत रकाना नसतो. तेव्हा असलेल्या रकान्यांपैकी सगळ्यात सोशिक रकाना कोणता, हे शिक्षण नानांना वरिष्ठांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी दिलं. नाना स्वतः पैशाला शिवले नाहीत. रकाना तेवढा घरी घेऊन आले.

त्यामुळे नानांच्या जगात काहीच हरवत नाही, चोरीला जात नाही, संपत नाही. ड्रायव्हर गाडी घेऊन गेला की पेट्रोलचा काटा उतरतो, ते बाष्पीभवन. मेहुणे राहून गेले की कपाटातली बाटली दोन बोटं खाली येते, तेही बाष्पीभवन, आणि स्पिरिट पाण्यापेक्षा लवकर उडतं याचं शास्त्रीय स्पष्टीकरण वर. पार्ल्याच्या सोसायटीत खजिनदार असताना गणपतीच्या वर्गणीत साडेतीनशे रुपये कमी भरले, तेव्हा सर्वसाधारण सभेत उभं राहून नानांनी हाच शब्द वापरला. सभेने टाळ्या वाजवल्या आणि पैसे नानांकडून वसूल केले. डोक्यावरच्या केसांबद्दल विचारायची सोय नाही.

टँकचं पाणी दिवसाला चार सेंटिमीटर उतरायचं. बत्तीस चौरस मीटरवर चार सेंटिमीटर म्हणजे रोज १२८० लिटर. उन्हाळ्यात दर आठवड्याला दहा हजार लिटरचा टँकर यायचा आणि नानी पैसे मोजून द्यायच्या. "अहो, एवढं पाणी उडालं असतं तर अलिबागवर ढग नसता का साचला?" असं त्या एकदा म्हणाल्या. "साचतो ना, जूनमध्ये," नाना म्हणाले.

यावर एक साधी परीक्षा असते. टँकचंच पाणी भरलेली बादली टँकच्या पायरीवर, निम्मी पाण्यात राहील अशी ठेवायची. आतल्या आणि बाहेरच्या पातळीला खूण करायची, पंप बंद ठेवायचा आणि चोवीस तासांनी बघायचं. उडणारं पाणी दोन्हीकडून सारखंच उडतं. बाहेरचं जास्त उतरलं तर टँक गळका. नानींच्या भाच्याने ही परीक्षा लावली. बादलीत अर्धा सेंटिमीटर उतरलं, टँकमध्ये चार. नानांनी चष्मा लावून दोन्ही खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "बादलीला काठ आहे. तिला समुद्राचा वारा लागत नाही."

तरी उपाय चालूच होते, कारण नाना हट्टी असले तरी टँकरची बिलं त्यांना वाचता येत होती. टाइल्सच्या फटींत पांढरं सिमेंट झालं. एपॉक्सी झालं. एक वॉटरप्रूफिंगवाला पिचकारीने भिंतीत रसायन भरून गेला आणि शिक्का मारलेल्या कागदावर दहा वर्षांची गॅरंटी देऊन गेला. कागद आहे. त्याचा फोन नंबर बाष्पीभवनाने गेला.

फायबरग्लासचा शोध नानांना रेवदंड्याच्या बंदरावर लागला. सुरमई घ्यायला गेले होते आणि होडीला फायबर मारणाऱ्या माणसाला घेऊन आले. लाकडी होडीवर काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून चढवायची, हे काम कोकणच्या किनाऱ्यावर बंदरोबंदर चालतं. त्या माणसाने टँकमध्ये उतरून रुपयाच्या नाण्याने भिंती वाजवल्या, पोकळ वाजेल तिथे खडूने फुल्या मारल्या आणि म्हणाला, "शेट, आमी पानी आत येव नये म्हणून मारतो, तुमी भायेर जाव नये म्हणून. मॅट तीच." टँकविषयी इतकं शहाणं वाक्य तोवर कुणीच बोललं नव्हतं. नानांनी मात्र त्याला मोहेंजोदडोचं स्नानकुंड सांगितलं: बारा मीटर बाय सात मीटर, विटांच्या मागे डांबराचा थर, साडेचार हजार वर्षांपूर्वी. "मग आता त्यात पानी हाय?" त्याने विचारलं. नानांचं उत्तर तुम्हीही देऊ शकाल.

काम मेमध्ये काढायचं ठरलं, आणि त्यात शहाणपण होतं. किनाऱ्यालगत पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या टँकला खालून रेटतं. रिकामा टँक म्हणजे शेवटी सिमेंटची होडीच. तडकते, कधी सरळ उचलली जाते. शिवाय भिंती कोरड्या ठणठणीत हव्यात. ओल राहिली की फायबर धरत नाही, आणि धरलं तरी पुढे त्याला फोड येतात. टाइल्स फोडल्या, भिंती घासल्या, उन्हात तापवल्या. मग रेझिन, त्यावर मॅट, पुन्हा रेझिन, आणि लोखंडी रोलरने दाबून आतले बुडबुडे काढायचे. असे तीन थर, वर आकाशी रंग. रेझिनचा वास वाडीतल्या पोफळींना लागला असावा, इतका उग्र. नानांनी देखरेख सोडून हार्डनर स्वतः मोजायला घेतलं. मेच्या उन्हात रेझिन आधीच उतावळं असतं, त्यात नानांचा हात सढळ. मग्ग्यातच धूर निघाला आणि आत ब्रश उभाच्या उभा गोठला. तो मग्गा ब्रशसकट अजून ओटीवर पेपरवेट म्हणून आहे. घासकामाच्या वेळी काचेची कूस बनियनमध्ये गेली ती वेगळीच. नाना आठवडाभर खांबाला पाठ घासत होते आणि '१९५३ च्या कोर्व्हेट गाडीची अख्खी बॉडी फायबरची होती' हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

टँक भरला आणि पाणी राहिलं. दिवसाला सहा मिलिमीटर उतरायचं, म्हणजे १९२ लिटर. नानांचा चेहरा पहिल्या दिवशी फुलला. हे खरंखुरं, पुस्तकातलं बाष्पीभवन! दुसऱ्या आठवड्यात तो पडला. आता त्यांना समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. टँकच्या मागे जमीन दोन-तीन फूट खाली उतरते. तिथे वाडी राखणाऱ्या मावशींचं अळू होतं, भर मे महिन्यात सुपाएवढ्या पानांचं, आणि कडेला केळी. श्रावणात नानींकडे जाणाऱ्या प्रत्येकाने त्या अळूच्या वड्या खाल्ल्या आहेत. "इथली मातीच तशी," असं नाना वडी मोडत म्हणायचे. मातीचा गुण किती आणि १२८० लिटरांचा किती, हे टँक दुरुस्त झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात कळलं. मावशी तक्रार करणाऱ्या नव्हेत. "शेट, अळू गेला यंदा," एवढंच म्हणाल्या आणि केर काढायला गेल्या.

त्यानंतर टँकचं पाणी पुन्हा चार सेंटिमीटर उतरायला लागलं. नानींनी फायबरवाल्याला बोलावलं. त्याचा अब्रूचा प्रश्न होता. पूर्ण टँक त्याने नाण्याने वाजवला, कुठेच पोकळ नाही. मग पंपाच्या खोलीमागे त्याला हिरवा पाइप सापडला, एक टोक टँकमध्ये, दुसरं अळवात, वरून झावळ्या टाकलेल्या. त्याने झावळ्या परत होत्या तशा टाकल्या. पण नानी त्याच्या मागेच उभ्या होत्या.

"अहो, बागेत नळ आहे. सरळ नळाचं पाणी सोडायचं की!"

"नळाचं सोडलं तर ते दिल्यासारखं होतं," नाना म्हणाले. "मग ती विचारून घेणार, नको म्हणणार, श्रावणात पानांचे पैसे घेणार नाही. हे गळतंय, त्याला कोण काय करणार?"

'गळतंय' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लगेच त्यांनी तो मागे घेतला आणि वहीत उडालेलं पाणी म्हणूनच मांडला.

अळवाला क्लोरीन सोसत नाही अशी नानांची समजूत आहे, म्हणून ते आता टँकमध्ये क्लोरीन टाकत नाहीत. पाणी हिरवंगार झालंय. तळ दिसत नाही, पाहुण्यांनी पोहणं सोडलंय, बेडकांनी सुरू केलंय. फायबरवाला येता-जाता डोकावतो, थर शाबूत आहेत ना ते बघतो, आणि अळूची पानं घेऊन जातो. फायबरचे तीन थर चढवलेला, होडीइतका पक्का असा अळूचा हौद अष्टागरात दुसरा नसावा.